एक वेढा जास्त

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. अट एकच: आधी निरीक्षण, मग मत. मत नसले तरी चालेल.

आज चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून रुजू झाले. जळालेल्या मोटरी येतात, त्यांच्यातली जुनी तार काढतात, तांब्याच्या नव्या तारेच्या कॉइल गुंडाळून मोटरीच्या खाचांत बसवतात, वार्निश करून भट्टीत वाळवतात. माणसे सात. मालक यशवंतराव साठीचे आहेत आणि कोणतेही वाक्य सुरू करण्याआधी चहा विचारतात.

कॉइल गुंडाळण्याचे काम एकट्या कस्तुराताईंकडे. वय ५१, मूळच्या जिंतूरच्या, इथे १९ वर्षे. मशीन हाताचे: दांड्यावर तार गुंडाळायचा लाकडी फर्मा, बाजूला हँडल. मशीनला वेढे मोजणारा काउंटर आहे. तो वीस वर्षांपासून ००३७ दाखवतो. कस्तुराताई तोंडाने मोजतात.

यशवंतरावांनी केबिनमध्ये बोलावले.

"चहा? मॅडम, चाकणच्या कंपनीचं वर्षाचं काम आहे. त्यांच्या सगळ्या ब्लोअरच्या मोटरी. आधी सहा ट्रायलला द्यायच्यात. आणि तो राजकोटवाला ऑटोमॅटिक मशीन घ्या म्हणून मागं लागलाय. म्हणतो, माणूस लागतच नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. महिनाअखेरीला एका पानावर लिहून द्या. मशीन, का कस्तुराबाई."

"दोन्ही नाही का चालणार?"

"दोन्हीला जागा कुठाय? बघा की."

पाहिले. जागा खरोखर नाही.

म्हणजे माझ्या एका पानावर एका बाईची नोकरी आहे. निर्णय निःपक्षपाती हवा, म्हणून तिच्यापासून अंतर ठेवायचे ठरवले. दुपारी तिने डबा पुढे सरकवला. "खा गं. हाडं मोजता येतील तुझी." मी नको म्हणाले. कारण सांगितले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कस्तुराताईंचे काम स्टॉपवॉच लावून पाहिले. एका कॉइलला सरासरी ७१ सेकंद. फरक जास्तीत जास्त दोन सेकंद. माणसाच्या मानाने हे चांगले आहे.

दर नवव्या कॉइलनंतर त्या थांबतात, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवतात आणि छताकडे पाहतात. साधारण ४० सेकंद. नोंद: अनुत्पादक वेळ. कारण बहुधा कंटाळा.

त्यांच्या कॉइल खाचांत बसवण्याचे काम वर्षाराणीचे. ही माझ्याच वयाची, चिखलीचीच, दोन मुले. ती सतत बोलते. आज म्हणाली, "दिवसभर तांबं हातात, घरी गेलं तरी तांबीच. सरकारी दवाखान्यातली. आमच्या नशिबात ह्या कॉइलीच लिहिल्यात."

कस्तुराताई म्हणाल्या, "हळू बोल. मॅडमचं लग्न व्हायचंय."

"मंग ऐकू द्या की. शिक्षण शिक्षण म्हणत्यात ते हेच."

मी मल्टिमीटरच्या काट्याकडे पाहिले. तो मल्टिमीटर डिजिटल आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी

मी मोशीत गवराबाईंकडे खोली घेतली आहे. त्या इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेत होते तिथे आता इमारत आहे आणि तळमजल्याच्या तीन खोल्या त्या भाड्याने देतात. काल त्यांनी काम विचारले, मी "कॉइलचं" म्हणाले. एवढ्यावर संभाषण संपले असे मला वाटले होते.

आज सकाळी सात वाजता त्या शेगडीची जळकी कॉइल घेऊन दारात उभ्या होत्या. "तुमचंच काम हाय न्हवं?" सात वीसला शेजारचा एक मुलगा बाईकची इग्निशन कॉइल घेऊन आला. सव्वाआठला त्याची आई पाणी तापवायचा रॉड घेऊन आली, कारण इकडे रॉडलाही कॉइलच म्हणतात. साडेनऊला वरच्या मजल्यावरचे आजोबा मच्छर अगरबत्तीचे पाकीट घेऊन आले. दोन कॉइल एकमेकींत अडकलेल्या असतात, त्या सोडवताना दरवेळी तुटतात, तर काही युक्ती आहे का.

शेगडीची कॉइल बदलून दिली. रॉड दुरुस्त होणार नाही असे सांगितले. बाईकची कॉइल ठीक होती, प्लग खराब होता. मच्छरांच्या कॉइल सोडवल्या. मधून धरून दोन्हीकडून एकदम ढकलायच्या. आजोबांनी हे तीन वेळा करून पाहिले आणि आशीर्वाद दिला. शैक्षणिक पात्रतेचा इतका पूर्ण उपयोग माझ्याकडून यापूर्वी झालेला नाही.

संध्याकाळी गवराबाई दळणासाठी ज्वारी मापत होत्या. "लाभ, दोन, तीन, चार." पहिल्या मापाला त्या एक म्हणत नाहीत. कारण विचारले नाही. विचारले असते तर रात्रीचे जेवण तिथेच झाले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

समस्या.

चाकणच्या कागदावर प्रत्येक कॉइलला ४४ वेढे लिहिलेले आहेत. कस्तुराताईंच्या ३६ कॉइलचा रोध मोजला. सगळ्यांचा रोध हिशोबापेक्षा सव्वादोन टक्के जास्त. चालू शकतो दीड टक्का. म्हणजे ट्रायल पहिल्याच चाचणीत नापास.

त्रास याचा नाही की चूक आहे. त्रास याचा आहे की छत्तीसही ठिकाणी अगदी तेवढीच आहे. माणसे अशी चुकत नाहीत. माणसे वेगवेगळी चुकतात.

यशवंतरावांना सांगितले. ते हसले. "मॅडम, आपल्याकडनं भरलेली मोटर परत जळून आल्याचं मला आठवत नाही. गावोगावचे पंपवाले नाव घेतात. मीटर तपासा तुमचा."

मीटर तपासला. बरोबर आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

तारेची जाडी: बरोबर. फर्म्याचे माप: बरोबर. तारेचा ताण: बरोबर. शेवटी एक कॉइल उलगडून वेढे मोजले. ४५. दुसरी: ४५. तिसरी उलगडताना कस्तुराताई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही गुंडाळायचं आन तू उलगडायचं. ह्याचा पगार मिळायलाय तुला?"

"यात पंचेचाळीस वेढे आहेत."

"चव्वेचाळीस."

"मी तीनदा मोजले."

"मी एकोणीस वर्षं मोजायलेय."

त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या वहीवर ठेवला. वही तेलकट होऊ नये म्हणून खाल्ला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्यांच्या मागे उभी राहून ओठ पाहिले. त्या फर्म्याला तार अडकवतात. हँडलला हात लावतात. ओठ हलतात, हँडल एकदा पूर्ण फिरते. मग ऐकू येईल असे: "एक."

"एकच्या आधी तुम्ही काय म्हणता?"

"लाभ."

"आणि लाभ म्हणताना हँडल फिरतं."

"मंग? हात काय जोडून बसू?"

मी म्हणाले, गवराबाई लाभनंतर दोन म्हणतात. कस्तुराताईंना गवराबाई कोण हे माहीत नाही, तरी त्या म्हणाल्या की बरोबर म्हणतात, असंच असतं, त्यांच्या जिंतुरातही असंच. इथे आल्यावर त्याही तशाच मोजायच्या: लाभ, दोन, तीन. तेव्हाचे फोरमन चिमाजी यांनी ऐकले आणि रागावले. लाभ-बीभ काही नाही, एकपासून मोजायचं.

"मग?"

"मंग काय. मोठा माणूस. त्यांचं ऐकलं. एकपासून मोजायलेय."

"पण लाभ सोडला नाही."

"देवाचं नाव सोड असं कुठं म्हणाले ते?"

चिमाजी सात वर्षांपूर्वी वारले. म्हणजे १९ वर्षे या वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक मोटरीच्या प्रत्येक कॉइलमध्ये एक वेढा जास्त आहे. जास्तीच्या वेढ्यांचा एकूण आकडा काढून पाहिला. मग खोडला. त्याचा उपयोग नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कस्तुराताईंना लाभ न म्हणता मोजायला सांगितले. निकाल: ४३, ४४, ४६, ४१, ४४, ४७. सातव्या कॉइलला त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "सुरुवातच केली नाही तर शेवट कुठून सापडंल?"

लाभनंतर दोन म्हणायला सांगितले. चिमाजींचा शब्द मोडणार नाहीत.

लाभ म्हणून एकपासून त्रेचाळीसपर्यंत मोजायला सांगितले. हा माझ्या मते निर्दोष उपाय होता. "कागदावर चव्वेचाळीस आन माझ्या तोंडात त्रेचाळीस? गिऱ्हाइकाला फसवू?"

वर्षाराणी म्हणाली, "मॅडम, सोडा. आमच्या सासूला पण कुणी समजावून सांगितलेलं न्हाई."

शेवटी मी शेजारी स्टूल घेऊन बसले. त्या लाभ म्हणणार, मी मोठ्याने दोन, तीन, चार मोजणार, त्यांनी फक्त फिरवायचे. चिमाजींनी मला काहीच सांगितलेले नसल्यामुळे हे त्यांना मान्य झाले. तीन मोटरींच्या कॉइल अशा झाल्या. ४४, अचूक. घसा बसला आहे. ट्रायलच्या उरलेल्या तीन मोटरी आधीच पंचेचाळीसने भरून वार्निश झाल्या आहेत. त्या तशाच नेऊन खरे ते सांगायचे ठरवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सहा मोटरी घेऊन चाकणला गेले. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी. आमच्या पुढे एक ट्रेलर पोलादाच्या पत्र्याच्या तीन कॉइल घेऊन चालला होता. एकेक कॉइल माझ्या खोलीएवढी. तळेगाव चौकात चाळीस मिनिटे त्यांच्याकडे पाहत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "त्यातली एक सुटली ना मॅडम, तर आपलं डायरेक्ट पोस्टर." पुढची चाळीस मिनिटे अंतराबद्दल मी त्याला सूचना देत होते.

कंपनीतले तपासणी करणारे जयसिंग हे पस्तिशीचे, कमी बोलणारे, शर्टाच्या खिशात दोन पेने. त्यांनी मीटर वापरण्याआधी त्याची तपासणीची तारीख पाहिली. असे करणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, स्वतःला सोडून.

तीन मोटरी पास, तीन नापास. मी कारण सांगितले. लाभसकट सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "चालवून बघू."

सहाही मोटरी चार तास चालवल्या. पास झालेल्या तीन मोटरी बऱ्याच तापल्या. नापास झालेल्या तीन कमी तापल्या. जयसिंगांनी लाइनचे व्होल्टेज मोजून दाखवले: ४१५ असायला हवे, ४३६ होते. त्यांच्याकडे कायम असते. जास्त व्होल्टेजला एक वेढा जास्त असलेला बरा. जुन्या ठेकेदाराच्या मोटरी कागदाप्रमाणे अचूक असायच्या आणि दर चार महिन्यांनी जळायच्या.

"म्हणजे बाई बरोबर आहेत," ते म्हणाले.

"बाई चुकून बरोबर आहेत."

"तुम्ही हिशोब लिहून द्या. मग त्या मुद्दाम बरोबर होतील. कागद बदलून घेतो."

गाडीत बसल्यावर हिशोब लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले, रस्ता खराब असूनही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चाकणचा सुधारित कागद आला: ४५ वेढे. वर्षाचे काम मिळाले. यशवंतरावांनी सगळ्यांना पेढे दिले आणि मला दोन. कस्तुराताईंना समजावून सांगितले की आता कागदावरच पंचेचाळीस आहेत, तुम्ही नेहमीप्रमाणे करा.

"म्हणजे लाभ धरून शेहेचाळीस?"

"नाही! चव्वेचाळीसच मोजा."

"कागदावर पंचेचाळीस आन तोंडात..."

मी पुन्हा स्टूल आणले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पानाचा विचार करते आहे. मशीनलाही पंचेचाळीस वेढे सांगता येतात. त्यामुळे त्या मुद्द्यावर कस्तुराताईंना गुण देता येत नाहीत. दुसरा मुद्दा शोधला. महिन्यात ६१ मोटरी आल्या, त्या ३७ वेगवेगळ्या प्रकारच्या. दर प्रकाराला राजकोटच्या मशीनची मांडणी बदलायला तास जातो. हा मुद्दा टिकतो. आकडेवारी तिसऱ्यांदा तपासली.

राजकोटवाल्याची माहितीपुस्तिका मी टेबलावर उघडी विसरले. परत आले तेव्हा कस्तुराताई ती पाहत होत्या. मोठ्या मशीनचे पान उलटून त्या शेवटच्या पानावर होत्या. तिथे लहान मशीनचे चित्र आहे. त्यावर बोट ठेवून विचारले, "हे पायानं चालतं का बटनानं?"

"पायाने. पॅडल असतं."

"हात मोकळा राहतो?"

"हो."

बराच वेळ पाहत होत्या. मग पुस्तिका मिटून, पदराने पुसून मला दिली. त्यांच्या डोळ्यांत भीती होती असे मला वाटले. साहजिक आहे. पुस्तिका ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावले, पुन्हा दिसू नये म्हणून.

अनुत्पादक वेळ वाढला आहे. आता दर पाचव्या कॉइलला थांबतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पान लिहून झाले. निष्कर्ष: हाताचे वाइंडिंग चालू ठेवावे. यंत्र घेऊ नये. सगळे मुद्दे आकड्यांवर आहेत, भावनेवर एकही नाही. तरी नोंद करते की लिहून झाल्यावर बरे वाटले आणि मी कस्तुराताईंच्या डब्यातली अख्खी भाकरी मागून घेतली. त्यांनी विचारले, "आज काय झालंय तुला?" मी म्हणाले, कळेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

यशवंतरावांनी पान मोठ्याने वाचले, वर्कशॉपच्या मध्ये उभे राहून. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपल्या कस्तुराबाई आहेत तिथंच! मशीन रद्द!" वर्षाराणीने टाळ्या वाजवल्या.

कस्तुराताईंनी हँडल सोडले. उठल्या. माझ्यासमोर आल्या.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मशीन नको म्हणून?"

"हो."

"माझा खांदा बघितलास का?"

मी वही उघडली.

"महिनाभर मागं उभी राहून घड्याळ लावायलीस. ओठ बघितलेस. खांदा नाही दिसला? रात्री हात वर जाईना, वेणी सून घालून देती. मालकाला दोनदा म्हणलं, मशीन आणा. तर म्हणे, कस्तुराबाई, तुझा हातच मशीन आहे. आन आता तू पण!"

यशवंतराव म्हणाले, "अहो पण मशीन आली असती तर तुमचं काम..."

"का? तार आपोआप लागती का तिला? फर्मा कोण बसवंल? कोणत्या मोटरीला कोणती तार, हे राजकोटवाला येऊन सांगंल? चालवाया माणूस लागतोच की! मला इचारलं का कुणी?"

कोणीही विचारले नव्हते. त्या परत जागेवर बसल्या, पण हँडलला हात लावला नाही. यशवंतरावांनी चहा विचारला.

पाच तारखेची नोंद काढून वाचली. "कारण बहुधा कंटाळा." माझेच अक्षर आहे.

१ मार्च, शनिवार

पान परत घेतले. पहिल्या दिवशी "मशीन की माणूस" असा प्रश्न मिळाला आणि मी महिनाभर त्याचे उत्तर तपासले. प्रश्न तपासला नाही. परीक्षेत याला शून्य गुण असतात.

मोठे मशीन: जागा नाही, मांडणीला तास. शेवटच्या पानावरचे लहान मशीन: पॅडल, काउंटर, फर्मा दोन मिनिटांत बदलतो. टेप घेऊन मोजले. हाताच्या मशीनच्या जागी ते बसते, शिवाय दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा उरते. हे मोजायला चार मिनिटे लागली.

मग कस्तुराताईंसमोर स्टूल ठेवून बसले आणि विचारले. त्यांनी अटी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. खुर्चीला पाठ हवी. पॅडल डाव्या पायाला हवे. काउंटरचे आकडे मोठे हवेत, चष्मा लागतो. खांद्यासाठी डॉक्टर मालकाने दाखवायचा. आणि मशीनला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

"आणखी काही?"

"तू रागावलीस का माझ्यावर?"

"नाही."

"मंग जेवायच्या सुट्टीत तोंड लपवून का बसलीस?"

ही माहिती पानावर घेण्यासारखी नव्हती.

यशवंतरावांनी नवे पान वाचले. मनात वाचले, मोठ्याने नाही. मग कस्तुराताईंना बोलावून त्यांच्याकडे दिले. त्यांनी ओळीवर बोट ठेवत पूर्ण वाचले, 'डावा पाय'च्या खाली पेनाने रेघ ओढली आणि सही केली. माझी सही त्यांच्या खाली आहे. मालकाची सर्वांत खाली. जागा तेवढीच उरली होती.

१२ मार्च, बुधवार

मशीन आले. बसवायला राजकोटहून एक माणूस आला. जयसिंगही आले होते, पहिल्या कॉइल तपासायला. त्यांनी मशीनपेक्षा माझ्या टेबलावरचा मीटर जास्त वेळ तपासला. त्याची तारीख चालू आहे हे लांबूनही दिसते.

कस्तुराताईंनी दहा मिनिटांत पॅडल जमवले. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. वीस कॉइल झाल्या, एकदाही थांबल्या नाहीत. मी काउंटरचे बटण कसे आहे ते पाहायला हात पुढे केला.

"हं. हात नाही. अट आहे."

"मी फक्त..."

"आधी शिक. उद्यापासून तार तू लावून दे. हळूहळू सांगते तुला."

संध्याकाळी राजकोटच्या माणसाने वॉरंटीचा फॉर्म भरायला घेतला. ऑपरेटरचे नाव काय आणि हेल्परचे नाव काय, त्याने विचारले. मी पात्रता वगैरे सांगायला तोंड उघडले, पण उत्तर कस्तुराताईंनी दिले.

फॉर्मची प्रत फाइलला लावली आहे. हेल्परच्या रकान्यात माझे नाव आहे, शुद्धलेखन बरोबर.